वारा अडवायचा, चौकटीला लाकूड हवं आणि चूलही पेटायला हवी: सांगोल्यातल्या अडीच एकराचं प्रकरण

बांधावर कोणतं झाड लावू, हा प्रश्न मला वर्षातून दहा-बारा जण तरी विचारतात आणि दर वेळी मी आधी उलटं विचारतो की वारा कुठून येतो आणि कोणत्या महिन्यात येतो. बहुतेकांना याचं उत्तर नीट देता येत नाही. मलाही आलं नव्हतं, मामांच्या शेतावर. म्हणून ते प्रकरण सगळं सविस्तर लिहितोय, चुका धरून.

शेत सांगोला तालुक्यात, म्हणजे माणदेशात. पाऊस कमी, जमीन वरच्या अंगाला मुरमाड आणि खाली ओढ्याकडे गाळाची. एकूण चार एकर, त्यातलं अडीच एकर डाळिंब, भगवा जातीचं. अडीच एकर म्हणजे जवळजवळ चौकोनी तुकडा, 330 फूट बाय 330 फूट. पश्चिमेकडे शेजारच्या काकांची ज्वारी आणि तिच्यापलीकडे पूर्ण मोकळं माळरान. जून लागला की त्या माळावरून वारा जो सुटतो तो सप्टेंबरपर्यंत थांबत नाही, दुपारी पत्र्याच्या शेडखाली उभं राहून बोललेलं शेजारच्याला ऐकू येत नाही इतका. आणि मामा धरतात मृग बहार. म्हणजे बागेला फुलं यायची वेळ आणि वाऱ्याची वेळ एकच.

वाऱ्यानं डाळिंबाचं काय होतं हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. फुलं गळतात हे दिसतं, पण फळ बोराएवढं असताना काट्याला घासलं की त्याच्यावर जी खरचट उठते ती फळाबरोबर मोठी होत जाते आणि मार्केटला ते फळ दोन नंबरमध्ये जातं. फवारणी फक्त पहाटेच करता येते, नाहीतर औषध शेजारच्याच्या ज्वारीवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तेल्या. तो जिवाणूचा रोग, आणि पावसाचे थेंब वाऱ्यासकट फेकले गेले की एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. वारा अडवला म्हणून तेल्या जात नाही, पण त्याची पळण्याची वाट थोडी बंद होते. डाळिंबाच्या बागेभोवती वारारोधक लावा असं जे सांगतात ते याच्यासाठीच.

आता पहिली चूक. 2012 ला एका कंपनीचा एजंट आला होता, निलगिरीची क्लोनची रोपं घेऊन. पाच वर्षांत तोडणीला, कागद कारखाना बांधावरून उचलणार, वारा पण अडतो, असं सगळं एकात. मामांनी पश्चिमेच्या बांधाला लागून तीन-तीन फुटांवर 110 रोपं लावली, एकच रांग. झाडं वाढली मात्र खरंच, तिसऱ्या वर्षी वीस फुटांच्या वर गेली. पण 2015 पासून बांधाजवळची डाळिंबाची पहिली ओळ पिवळी पडायला लागली, मग दुसरी. ड्रीपचं पाणी वाढवलं तरी फरक नाही, कारण ते पाणी निलगिरीच पीत होती. कुदळीनं खणून बघितलं तर डाळिंबाच्या बुंध्याशी, ड्रिपरच्या बरोबर खाली, निलगिरीच्या मुळ्यांची बोटाएवढी जाळी. ती जाळी मामांनी हातात धरली आणि काही बोलले नाहीत, नुसते बघत बसले.

आणि वारा? तो अडलाच नाही, कारण निलगिरी वाढते तशी खालच्या फांद्या टाकत जाते, वर शेंडा आणि खाली नुसते खांब. खांबांमधून वारा उलट जोरात घुसतो. म्हणजे तीस फुटांवरचा वारा अडवला आणि डाळिंबाच्या उंचीचा वारा वाढवून घेतला.

2017 ला तोडायची ठरली तेव्हा कळलं की कारखाना लांब आहे, एवढ्याशा मालासाठी गाडीभाडंच मालापेक्षा जास्त होतंय. एजंटचा फोन बंद. शेवटी गावातल्या बांधकामवाल्यानं सेंट्रिंगच्या बल्ल्या म्हणून घेतली, मिळेल त्या भावाला. बुंधे परत फुटले ते जेसीबीनं काढावे लागले, तो खर्च वेगळा. शेजारी काका दोन वर्षं मामांशी बोलत नव्हते कारण त्यांच्याही ज्वारीच्या चार काकऱ्या बांधाकडून खुरटल्या होत्या. मी निलगिरीला शिव्या घालत नाही, जिथे नुसतं लाकूडच काढायचंय, शेजारी पीक नाही, तिथे ती लावणारे लावतात. बागेच्या उशाला ती लावणं चूक होतं, एवढंच.

2018 च्या उन्हाळ्यात मामांनी मला बोलावलं. म्हणाले, "आरं, आता तू सांग कुठलं झाड लावायचं ते." मी म्हटलं, मामा, झाडाचं नाव शेवटी काढू, आधी आपल्याला पायजे काय ते लिहून काढू. मामा, मामी आणि मी ओसरीवर बसलो. मामांचं म्हणणं एकच, बाग वाचली पायजे. मग जरा विचार करून म्हणाले की गोठ्याच्या मेढी बदलायच्यात, पुढेमागे घराला दोन चौकटी लागतील, कुळवाचं दिंड आणि कुदळी-खोऱ्यांचे दांडे लागतातच. फळांचं ओझं झालं की फांद्यांना टेकू द्यायला काठ्या दरवर्षी विकत आणतो त्यापण शेतातच झाल्या तर बरं.

मामींची यादी वेगळी, आणि खरं सांगायचं तर जास्त उपयोगाची. घरात गॅस आहे पण भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. आठवडाभर ताणकाट्यावर जळण वजन करून बघितलं, रोज साधारण सहा किलो. म्हणजे वर्षाला दोन टनांच्या वर. त्यातलं काही डाळिंबाच्या छाटणीतून, काही तुराट्यांतून निघतं, पण पावसाळ्यात मामी सरपणाला तरसतात. कोणतं लाकूड कसं जळतं हे त्यांना तोंडपाठ: शेवरी भुर्रकन पेटते आणि भुर्रकन विझते, पाणी तापवायला बरी. एरंड नुसता धूर. बाभूळ पेटायला वेळ घेते पण निखारा असा धरते की शेवटची भाकरी पण त्याच्यावरच फुगते. वडा-पिंपळाला आणि उंबराला कुऱ्हाड लावायची नाही, हे त्यांनी विषय निघायच्या आधीच सांगून टाकलं.

या दोन याद्या समोरासमोर ठेवल्या तेव्हा मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट दिसली, आणि हे सगळं लिहिण्यामागचं कारण तेच आहे. जळणासाठी झाड तोडावं लागतं, वारा अडवायला ते उभं असावं लागतं, आणि चौकटीसाठी ते वीस-पंचवीस वर्षं सरळ वाढू द्यावं लागतं. ही तीन कामं एका रांगेकडून करून घ्यायला गेलं की तिन्ही बिघडतात. पाच-सहा वर्षं जोपासलेली वाऱ्याची रांग एका दिवाळीत जळणासाठी उतरवली की पुढच्या जूनमध्ये बाग उघडी. म्हणून आम्ही आधी झाडं नाही, जागा वाटून घेतल्या: पश्चिमेची रांग फक्त वाऱ्यासाठी, तिला कुऱ्हाड नाही. जळण पूर्वेला. लाकूड ओढ्याकडे.

मग वारा मोजला. मोजला म्हणजे यंत्रानं नाही, मामींच्या जुन्या साडीच्या हातभर लांब चिंध्या काढल्या आणि बागेत बारा बांबूंना कंबरेच्या उंचीवर आणि डोक्यावर अशा दोन-दोन बांधल्या. जूनचे दहा दिवस सकाळ-दुपार बघितलं. दोन गोष्टी कळल्या. एक, वारा सरळ पश्चिमेचा नाही, थोडा नैर्ऋत्येकडून तिरका येतो, त्यामुळे दक्षिणेच्या बांधाला पण निदान साठ-सत्तर फूट वळसा द्यायला हवा. दोन, पश्चिमेच्या बांधात ट्रॅक्टरसाठी बारा फुटांची फट होती, तिच्या समोरच्या चिंध्या नुसत्या ताठ, फडफडत पण नव्हत्या. आणि त्या फटीच्या समोरच्याच पाच डाळिंबांवर दरवर्षी फळ कमी, ज्याचं खापर आम्ही जमिनीवर फोडत होतो. फट बंद केली, वाट उत्तरेकडून काढली. एवढंच करून त्या पाच झाडांना पहिल्याच वर्षी फरक पडला, एकही रोप मोठं व्हायच्या आधी.

वारारोधकाचं गणित साधं आहे. रांग जेवढी उंच त्याच्या साधारण दहा पट अंतरापर्यंत मागे चांगला आडोसा मिळतो, वीस पटीपर्यंत थोडा थोडा. झाडं 25 फूट झाली तर 250 फूट. आमचा तुकडा 330 फूट लांब, म्हणजे एका पट्ट्यात जवळजवळ सगळं येतं. पण तो पट्टा भिंतीसारखा गच्च नको. गच्च भिंतीला वारा धडकला की वरून उडी मारून मागे आदळतो आणि तिथे भोवरे करतो. साधारण निम्मा वारा गाळून जाईल आणि निम्मा अडेल असा विरळपणा हवा, आणि तो जमिनीपासून शेंड्यापर्यंत सारखा हवा. निलगिरीचं नेमकं इथेच चुकलं होतं.

जागा आयतीच होती. निलगिरीनं खाल्लेल्या डाळिंबाच्या दोन ओळी रिकाम्या, म्हणजे 28 फूट. बांधापासून सहा फूट आत आलो. या वेळी मामा आधी शेजारच्या काकांकडे गेले, काय लावणार आणि किती आत लावणार ते सांगून आले, त्यामुळे पुढचं सगळं सोपं झालं.

सगळ्यात बाहेर, माळाच्या बाजूला, निर्गुडी, तीन-तीन फुटांवर. फाटा खोचला तरी लागते, शेळ्या-मेंढ्या तोंड लावत नाहीत, आणि जमिनीलगतचा वारा तीच अडवते. मधल्या रांगेत दहा फुटांवर करंज आणि कडुनिंब आलटून पालटून. करंज यासाठी की पानगळ अगदी थोडे दिवस, उन्हाळ्यात परत हिरवागार, खाली फांद्या ठेवतो, आणि जनावर खात नाही. आतल्या बाजूला शेवरी, दोन-दोन फुटांवर बी टोकून. शेवरी चार-पाच वर्षंच टिकते हे माहीत होतं, ती कायमची म्हणून लावलीच नाही. करंज पहिली दोन वर्षं बसूनच राहतो, तोपर्यंत वारा कोण अडवणार? शेवरी एका वर्षात दहा फूट जाते. खानदेशात केळीवाले बागेभोवती शेवरी लावतात ते याच हिशेबानं.

शेवरीच्या आत तीन फूट खोल चर, जेसीबी निलगिरीचे बुंधे काढायला आलाच होता त्याच्याकडूनच मारून घेतला, म्हणजे मुळ्या बागेकडे वळणार नाहीत. चर दोन-तीन वर्षांनी परत साफ करावा लागतो, लोक एकदा मारतात आणि विसरतात. चराच्या आत ट्रॅक्टरची वाट आणि मग डाळिंब.

सुबाभळीवर बरीच चर्चा झाली. मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या बाएफ या संस्थेनं सत्तरच्या दशकात ती शेतकऱ्यांपर्यंत नेली, चारा पण आणि जळण पण, आणि मामांच्या पिढीला तिचं फार कौतुक. झाड चांगलंच आहे. पण शेंगा तडकून बी जे पसरतं ते ड्रीपच्या ओलीवर सगळीकडे उगवतं, आणि नुसती सुबाभूळच घातली तर त्यातल्या मिमोसिन या विषारी घटकाचा जनावराला त्रास होऊ शकतो, चाऱ्यात तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको म्हणतात. दरवर्षी शेंगा पिकायच्या आत छाटणारा माणूस घरात असेल तर लावा. आमच्याकडे नव्हता.

म्हणून पूर्वेच्या बांधावर जळणाला गिरिपुष्प. आमच्याकडे काही जण त्याला उंदीरमारी म्हणतात. 110 फाटे, तीन-तीन फुटांवर, तेही कोकणातून येणाऱ्या एका ओळखीच्या टेम्पोवाल्यानं आणून दिले. हे तोडलं की परत फुटतं, पाला डाळिंबाच्या आळ्यात खत म्हणून जातो, आणि लाकूड बारीक असलं तरी घट्ट, निखारा बऱ्यापैकी धरतं. मामींनी पास केलं, बाभळीच्या खालोखाल. तोडायचं ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, वाऱ्याचे महिने संपल्यावर, आणि एकाआड एक झाड. म्हणजे जूनपर्यंत परत सात-आठ फुटांपर्यंत फुटून येतं. तिसऱ्या वर्षापासून यातून वर्षाला नऊ-दहा क्विंटल वाळलेलं जळण निघतंय. बाकीचं छाटणी आणि तुराट्या. 2022 पासून मामींनी जळण विकत घेतलेलं नाही.

सुरूबद्दल पण विचारणा झाली कारण त्याचं जळण एक नंबर मानतात. पण तो वाळूचा, किनाऱ्याचा, आणि तोडल्यावर नीट फुटत नाही. एकदा तोडला की परत रोप लावा. आमच्या गरजेत बसला नाही.

लाकडाचं थोडक्यात. ओढ्याकडच्या गाळाच्या, निचऱ्याच्या जमिनीत पंधरा साग. वारारोधकात साग अजिबात नको, ऐन उन्हाळ्यात तो नुसत्या काड्या घेऊन उभा असतो. आणि सागाच्या नावानं जी स्वप्नं विकली जातात, नव्वदच्या दशकात तर किती लोक बुडाले, त्यातलं काही मनात न धरता नातवाच्या दाराची चौकट एवढाच हिशेब ठेवायचा. दुसरं, साग स्वतःच्या बांधावर स्वतः लावला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. महाराष्ट्रात 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात सूची आहे: साग, चिंच, आंबा, फणस, जांभूळ, मोह, खैर, चंदन, अंजन वगैरे. निंब, बाभूळ, करंज, निलगिरी, सुबाभूळ त्यात नाहीत. सूचीतलं झाड लावलं की सातबाऱ्यावर नोंद करून घ्या, वीस वर्षांनी तीच नोंद दाखवावी लागते. टेकूच्या काठ्यांसाठी शेततळ्याच्या सांडव्याखाली मानवेल बांबूची सहा बेटं, भरीव जात. बांबूला 2017 पासून वनक्षेत्राबाहेर झाड धरत नाहीत, त्यामुळे तो त्रास नाही.

आता बिघडलं काय ते. पहिल्याच हिवाळ्यात मेंढ्यांचा कळप आला आणि कडुनिंबाची निम्मी रोपं शेंड्यावरून साफ. करंज आणि निर्गुडीला धक्का नाही. परत लावताना निंबाभोवती बाभळीच्या फांद्यांचं कुंपण केलं, जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

दुसरी गोष्ट मी कुठे वाचली नव्हती आणि ती मला सगळ्यात जास्त लागली. 2020 ला करोनात सगळीकडे गुळवेलीचा काढा सुरू झाला, मामींनी पण मधल्या रांगेतल्या सात-आठ करंज-निंबांवर गुळवेल चढवली, निंबावरची गुळवेल चांगली म्हणून. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये फळांना सुईनं टोचल्यासारखी भोकं दिसायला लागली, भोकाभोवती मऊ डाग, दोन दिवसांत फळ सडून खाली. मामांना वाटलं तेल्याच. रात्री आठ-नऊला बॅटरी घेऊन आम्ही बागेत गेलो तर फळांवर अंगठ्याएवढे जाड पतंग बसलेले, डोळे बॅटरीत निखाऱ्यासारखे चमकत होते, मागचे पंख केशरी आणि त्यावर काळे डाग, आणि सोंड फळात रुतलेली. रस शोषणारा पतंग. याच्या अळ्या डाळिंबावर वाढतच नाहीत, त्या वाढतात गुळवेल आणि वासनवेलीवर. म्हणजे आम्हीच वारा अडवणाऱ्या रांगेत त्यांचा पाळणा बांधला होता. दुसऱ्या दिवशी गुळवेल काढली. मामींना वाईट वाटलं, त्यांनी एक कांडं गावातल्या घराच्या निंबावर नेऊन लावलं, शेतापासून लांब. पतंग लांबून उडत येतात, त्यामुळे पूर्ण थांबले नाहीत, फळांना पिशव्या घालतोच, पण त्या वर्षीसारखं नुकसान परत झालं नाही.

आणि 2021 च्याच आसपास सांगोला-आटपाडीकडे पिन होल बोररनं, म्हणजे खोडाला बारीक भोकं पाडणाऱ्या किडीनं, बागाच्या बागा काढाव्या लागल्या, मामांची पण चाळीसेक झाडं गेली. त्यात वारारोधकाचा काही उपयोग नव्हता. हे मुद्दाम लिहितोय कारण बांधावर चार झाडं लावली की सगळं ठीक होतं असं कुणाला वाटू नये.

मग मिळालं काय? 2024 च्या जूनमध्ये परत चिंध्या बांधल्या, त्याच जागी. करंज आता वीस-बावीस फुटांवर आहेत, शेवरी कधीच संपली आणि चुलीत गेली. पहिल्या आठ-दहा ओळींत चिंध्या लोंबकळत होत्या, नुसत्या हलत होत्या. मधल्या ओळींत फडफडत होत्या. शेवटच्या तीन-चार ओळींत जवळजवळ पूर्वीसारख्याच. म्हणजे गणित बरोबर निघालं, उंची अजून यायचीय. पश्चिमेकडच्या ओळींतलं खरचटलेलं फळ डोळ्यांना दिसेल इतकं कमी आहे, आणि मामा आता सकाळी नऊपर्यंत फवारू शकतात. तेल्याची फवारणी आहेच.

नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात मात्र अजून गळतंय. तिथे खडक वर आहे, करंज तीनदा लावला, तीनदा गेला. मी तिथे दगडी ताल आणि घायपात सुचवत होतो. मामींचं म्हणणं वेगळं, तिथे रामकाठी बाभूळ लावा, ती सरळ वर जाते, पसरत नाही, आणि खडकात मूळ घालते. रोप नको म्हणाल्या, बीच लावायचं, आणि तेही शेळीच्या पोटातून आलेलं. उन्हाळाभर त्यांनी गावातल्या रामकाठीच्या शेंगा शेळ्यांना घातल्या आणि गोठ्यातल्या लेंड्यांमधून बी वेचून ठेवलं, तसलं बी लवकर उगवतं. परवा गेलो तेव्हा चुलीच्या वरच्या फळीवरून बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढून दाखवला, अर्धा भरलाय. मृगाचा पहिला पाऊस झाला की कोपऱ्यात पहारीनं भोकं पाडायची, भोकाला तीन बिया, आणि या वेळी कुंपण त्याच दिवशी.